गर्दीवाचून गोटमार

अलीकडे नियतकालिकांच्या रविवार-पुरवण्यांतून प्रवासविषयक उपदेशाचे जे एक नवे शास्त्र उदयास आले आहे, त्याचे सारे प्रमेय, आमच्या अल्प अभ्यासानुसार, एका सूत्रात सामावलेले आहे : जगातील सुप्रसिद्ध स्थळे अवश्य पाहावीत, परंतु ती पाहावयास आलेली माणसे दृष्टीस पडू देऊ नयेत. त्यासाठी सूर्योदयापूर्वी उठावे, आडवारी जावे, लोक उन्हाळ्यात जातात म्हणून आपण ऐन पावसाळ्यात जावे, आणि जेथे सर्वजण पुढल्या दाराने शिरतात तेथे मागले दार कोणीकडे आहे याची आगाऊ चौकशी करून ठेवावी. (रात्री-अपरात्री उठून मागल्या दाराची चौकशी करणाऱ्या इसमांची पूर्वी पोलीस ठाण्यात निराळी नोंद ठेवीत, आता त्यांस रसिक प्रवासी म्हणतात.) या शास्त्राचे आचार्य एका बाबतीत मात्र तडजोडीस तयार नसतात. स्थळ प्रसिद्धच असले पाहिजे. ज्याचे नाव कोणी ऐकलेले नाही असे एखादे शांत, निर्मनुष्य आणि फुकट ठिकाण त्यांस सुचवून पाहावे. त्यांच्या मुद्रेवर जो भाव उमटतो तो पाहून सुचवणाराच ओशाळतो.

शांत, निर्मनुष्य व फुकट ठिकाणांच्या बाबतीत आमचा पांढुर्णा जिल्हा कोणत्याही मुलखास हार जाणार नाही, हे येथे नम्रपणे नमूद करणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. 1956 साली प्रांतरचनेची रेघ ओढली गेली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात रुजू झाले, आणि हा सौसर-पांढुर्ण्याचा टापू, घरात मराठी व कचेरीत हिंदी अशी आपापसांत वाटणी करून, मध्य प्रदेशातच राहिला. तेव्हापासून महाराष्ट्रातील पर्यटक आम्हांस परमुलूख समजून टाळतो आणि मध्य प्रदेशातील पर्यटक महाराष्ट्र लागला असे समजून कूस बदलतो. दिल्लीहून मद्रासेकडे जाणारा लोहमार्ग पांढुर्ण्यावरूनच जातो, त्यामुळे दिवसाकाठी हजारो उतारूंस आमच्या गावाचे दर्शन घडते, परंतु त्यांतील बहुतेकांस ते अशा वेगाने घडते की फलाटावर त्यांची गर्दी होण्याचा प्रसंगच येत नाही. आमच्या बागांतली संत्री कुंपणाच्या आत असेतोवर आमची असतात आणि बाजारात पोहोचताच 'नागपुरी' होतात. सबब त्या फळाची कीर्ती व कीर्तीमागून येणारा लोंढा, ही दोन्ही ओझी नागपूरकर परस्पर वाहतात. ऑक्टोबर 2023 मध्ये छिंदवाड्यापासून आम्हांस वेगळे काढून जिल्ह्याचा दर्जा देण्यात आला. जिल्हाधिकारी आले, दफ्तर आले, शिक्के आले. पर्यटक तेवढे यावयाचे राहिले आहेत.

तथापि वर्षातील एक दिवस असा असतो की त्या दिवशी अखिल भारताची दृष्टी आमच्यावर खिळते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे नागपुरात काळी व पिवळी मारबत वाजतगाजत निघतात त्याच दिवशी, जाम नदीच्या पात्रात मधोमध पळसाचे एक झाड झेंडा म्हणून रोवले जाते, त्याची पूजा होते, आणि मग अल्याडचे पांढुर्णेकर व पल्याडचे सावरगावकर एकमेकांवर दिवसभर दगडांचा वर्षाव करतात. पांढुर्ण्याच्या कोणा बहाद्दराने त्या वर्षावातून वाट काढून झाडावर कुऱ्हाड चालवली आणि झेंडा चंडीमातेच्या देवळात पोहोचवला की वैर संपते व दोन्ही तीरांचे लोक पूर्ववत एकमेकांचे सोयरे होतात. सावरगावची मुलगी घेऊन पळणारा पांढुर्ण्याचा मुलगा नदीच्या मधोमध गाठला गेला आणि दोन्हीकडून दगड सुरू झाले, ही या प्रथेची आख्यायिका बहुधा सर्वांस ठाऊक असते. भोसल्यांच्या सैन्याच्या सरावातून ही चाल पडली असेही काहीजण सांगतात. खरे कोणते हे जाम नदीस ठाऊक, आणि ती साक्षीस यावयाची नाही. त्या दिवशी पूल, घाट, गच्च्या, पत्र्यांची छपरे, इतकेच काय पण झाडांच्या फांद्यादेखील माणसांनी अशा लगडतात की खाली पाणी आहे हे ऐकिवातल्या माहितीवरूनच मानावे लागते.

आता ही गोटमार गर्दी टाळून कशी पाहावी, हा प्रश्न नव्या शास्त्राच्या एका निष्ठावंत अनुयायास पडला. हे गृहस्थ नागपूरचे, सुशिक्षित, गळ्यात उंची कॅमेरा बाळगणारे. शास्त्राज्ञेप्रमाणे ते ऐन वैशाखात, मंगळवारी, सकाळी सहाच्या सुमारास पुलावर येऊन उभे राहिले. खाली पाण्याची एक बारीक धार, खडकांवर वाळत घातलेल्या दोन गोधड्या, एक म्हैस, आणि दृष्टी पोहोचेल तेथपर्यंत गोटे. कठड्याशी एक वृद्ध प्लास्टिकच्या कागदात खर्रा घोटत बसला होता.

"काय पाहून राह्यले जी?" वृद्धाने विचारले.

"गोटमार कुठं होते हो, बाबा?"

"इथंच होते."

"पण इथं तर काहीच नाही."

"मानसंच नाही तं गोटमार कायची जी?" असे म्हणून वृद्धाने खर्रा गालात टाकला व विषय संपविला.

गृहस्थांनी मात्र हार मानली नाही. त्यांनी एका सुबक गोट्याचे, सूर्य अमुक अंशावर असताना, छायाचित्र घेतले आणि गोटमारीचे गर्दीने न विटाळलेले असे हे दुर्मीळ रूप म्हणून ते आपल्या परिचितांस धाडले. परिचितांनी त्याची मुक्तकंठाने वाखाणणी केली असे आम्ही ऐकतो.

या मोकळ्या चौकटीच्या हौसेचे मूळ कोठे असावे, याचा शोध घेता आम्ही ताजमहालापाशी येऊन थांबतो. फेब्रुवारी 1992 मध्ये इंग्लंडची युवराज्ञी डायना तेथल्या संगमरवरी बाकावर एकटी बसली, तिच्यामागे शहाजहानची ती वास्तू, आणि आजूबाजूस चिटपाखरू नाही, असे एक चित्र जगभर छापले गेले. त्या चित्राने लक्षावधी लोकांच्या मनात एकांताची आस उत्पन्न केली. परंतु तो एकांत कोणी व कसा उत्पन्न केला होता, हे त्या चौकटीत आले नव्हते. चौकटीबाहेर छायाचित्रकारांचा तांडा होता, पोलीस होते, आणि पोलिसांपलीकडे तिष्ठत ठेवलेली रयत होती. गर्दी टळली नव्हती, हटविली गेली होती. आज त्याच बाकावर एकट्याने बसल्याचे छायाचित्र काढून घेण्यासाठी लोक रांग लावतात, आणि प्रत्येकाच्या वाट्यास येणारा एकांत मागल्या माणसाने घसा खाकरेपर्यंत टिकतो.

तात्पर्य, सुप्रसिद्ध स्थळी निवांतपणा हा बंदोबस्तातून निपजणारा जिन्नस आहे, आणि बंदोबस्त हा अधिकार, वशिला किंवा रोकड या तीनपैकी एका दराने मिळतो. आमच्या देवस्थानांनी हे केव्हाच ओळखले असून खास दर्शनाच्या पावत्या ठेवल्या आहेत. व्हेनिस शहराने एप्रिल 2024 पासून ठराविक दिवशी, त्या दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांवर 5 युरोचा जकातवजा कर बसविला, तेव्हा युरोपात केवढा गहजब झाला! आमच्याकडे एवढ्या रकमेत धड चप्पलस्टँडवाल्याचीही समजूत पडत नाही. या सर्वांत वारकऱ्याचा व्यवहार आम्हांस अधिक चोख वाटतो. आषाढीस पंढरपुरात गाभाऱ्यापर्यंत पोहोचणे अशक्य दिसले तर तो नामदेवाच्या पायरीवर डोके टेकतो, कळसाकडे पाहून हात जोडतो, आणि दर्शन झाले असे समजून परतीच्या वाटेस लागतो. गर्दीने आपले दर्शन हिरावले अशी त्याची तक्रार नसते, कारण ज्या गर्दीबरोबर तो शेकडो मैल चालत आला तिला सोडून विठ्ठलास एकट्याने गाठावे ही कल्पनाच त्याला शिवत नाही. असला माणूस पर्यटन-व्यवसायाच्या दृष्टीने कुचकामी होय.

सौसर भागातील जामसावळीचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. येथे पिंपळाखाली हनुमंताची निद्रिस्त मूर्ती आहे. ती मूळची उभी होती, आणि खाली गुप्तधन असेल या आशेने चोर ती हलवू लागले तेव्हा देव आडवे झाले, असे लोक सांगतात. चोरांस परतवण्याचा एवढा सरळ उपाय दुसऱ्या कोणा दैवताने योजल्याचे आम्हांस स्मरत नाही. शनिवारी, मंगळवारी आणि हनुमानजयंतीस येथे छिंदवाडा-नागपूरकडून माणसांचा पूर लोटतो, आणि त्या साऱ्या गलबल्यात विश्रांती घेणारे एकटे हनुमंतच असतात. उज्जैनला ऑक्टोबर 2022 मध्ये महाकाल लोक उघडल्यानंतर तेथे जी अलोट गर्दी लोटली, तिने उत्साहित होऊन सरकारने जामसावळीस हनुमान लोक उभारण्याची तजवीज केली व ऑगस्ट 2023 मध्ये भूमिपूजनही उरकले. भाविकांस सुलभ दर्शन घडावे म्हणून प्रशस्त मार्ग करावयाचा, मार्ग प्रशस्त झाला म्हणून अधिक भाविक यावयाचे, आणि ते आल्यामुळे दर्शन पुन्हा दुर्लभ व्हावयाचे, असा हा सार्वजनिक बांधकामाचा भवचक्र-सिद्धान्त आहे. यात हनुमंतांनी एकदा कूस बदललीच तर ती कोणत्या दिशेस बदलतील, याचा विचार आराखड्यात झाला आहे किंवा कसे, याची चौकशी व्हावी.

परंतु देवळातील गर्दी दोरखंडाने, लोखंडी कठड्याने, निदान पावतीने आवरता येते. गोटमारीची गर्दी आवरण्यासाठी सरकारदरबारी जे जे उपाय झाले त्यांचे दफ्तर एव्हाना चांगले जाडजूड झाले असेल. दरसाल शांतता समितीच्या बैठका होतात, चहा होतो, मनाई-हुकूम निघतो. हा हुकूम पूर्वी फौजदारी संहितेच्या कलम 144 अन्वये निघत असे. जुलै 2024 पासून नवी संहिता आली आणि 144 च्या जागी 163 बसले, दगड मात्र तेच राहिले. गोफणीस बंदी घालण्यात आली. एकदा तर दगडांऐवजी रबरी चेंडू पुरविण्याचा प्रयोग झाला. ज्या कोणा अंमलदारास ही युक्ती सुचली त्याच्या भूतदयेबद्दल आम्हांस नितान्त आदर आहे; परंतु पिढ्यान्‌पिढ्या गोट्यांवर वाढलेल्या दोन गावांना रबरी चेंडूंनी खेळावयास सांगणे म्हणजे वऱ्हाडी पंगतीत सावजीच्या रश्श्याऐवजी पेजेची वाटी फिरविणे होय. चेंडू काही काळ इकडून तिकडे उडाले आणि हात पुन्हा आपोआप पात्रातल्या गोट्यांकडे वळले. जगातील अन्य स्थळी बंदोबस्त गर्दीस मागे सारतो. गर्दीने बंदोबस्तास मागे सारावे व बंदोबस्ताने ढालीआडून ते पाहत राहावे, असे स्थळ आमच्या माहितीत हे एकच आहे.

येथे विनोद थोडा बाजूस ठेवणे भाग आहे. दरसाल शेकडो माणसे या दगडांनी जखमी होतात, कोणाचा डोळा जातो, कोणाचा हात, आणि काही वर्षी माणसे प्राणासही मुकली आहेत. तीरावर वैद्यकीय पथके मांडव घालून बसतात, रुग्णवाहिका रांगेने उभ्या असतात, आणि डोक्यास टाके घालून घेतलेला जवान पट्टी बांधताच पुन्हा पात्राकडे धावतो, कारण चंडीमातेचा अंगारा लावला की जखम भरते अशी त्याची श्रद्धा असते. बाहेरगावचे वार्ताहर याला रानटीपणा म्हणून नावे ठेवतात, आणि नावे ठेवून झाली की पुढल्या वर्षी कॅमेऱ्यास जागा मिळावी म्हणून गच्चीवाल्यास आगाऊ सांगून जातात. आमच्या मते त्यांची नावे ठेवण्याची बाजू अगदीच खोटी नाही. फक्त ती गच्चीवरून मांडली जाऊ नये.

तेव्हा नव्या शास्त्राच्या अनुयायांचे समाधान व्हावे, जिल्ह्याच्या तिजोरीत भर पडावी आणि पांढुर्ण्याचे नाव पर्यटनाच्या नकाशावर ठळक व्हावे, या त्रिविध हेतूने आम्ही जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत एक अर्ज सादर करण्याच्या विचारात आहोत. गोटमारीच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पूल तुडुंब असतो, दोन्ही घाट तुडुंब असतात, गच्च्यांवर श्वास घेण्यास जागा नसते. परंतु पात्राच्या मधोमध, पळसाच्या झेंड्याभोवती, एक ऐसपैस वर्तुळ असे असते की तेथे दिवसाचा बराच काळ एकही मनुष्य फिरकत नाही. हवा मोकळी, दृष्टीस कोणाचे डोके आड येत नाही, आणि दोन्ही तीरांवरील दृश्य एकाच जागेवरून सारखेच उत्तम दिसते. एवढी मोक्याची जागा इतकी वर्षे पडीक राहावी, ही महसुलाच्या दृष्टीने अक्षम्य हेळसांड आहे. ती 'विशेष निर्गर्दी दर्शन-स्थान' म्हणून जाहीर करावी, तेथे एक बाक ठेवावा, संगमरवरी मिळाल्यास उत्तम, आणि भरभक्कम शुल्क घेऊन एका वेळी एकाच सन्माननीय प्रवाशास सोडावे. शुल्क आगाऊ व रोख घ्यावे. शिरस्त्राण ज्याचे त्याने आणावयाचे आहे. गोफण कोणीही आणू नये, तिला मनाई आहे.