बॅग बोटीने, मालक पायी

पैसे भरून चालायला निघालोय, हे शेजारच्या नानांना पटवताना मला घाम फुटला. "पर्वती फुकट आहे," एवढंच ते म्हणाले. पण न्यूझीलंडातल्या लेकीने आबेल तास्मान राष्ट्रीय उद्यानातली तीन दिवसांची सहल आधीच ठरवून टाकली होती. वाटाड्या, जेवण, मुक्काम, सगळं त्यात आलं.

समुद्रकाठची ही वाट एकूण 60 किलोमीटरची. आमच्या वाट्याला तिच्यातला निम्मा-अर्धा तुकडा. मराहाऊला बॅगा बोटीत चढल्या आणि आम्ही पायी. संध्याकाळी धापा टाकत मुक्कामी पोचावं, तर बॅग खोलीत आधीच ऐसपैस बसलेली. "आपल्या वारीसारखंच की! दिंडीचा ट्रक पुढे, वारकरी मागे," मी म्हटलं.

"तिथे शेवटी विठोबा भेटतो," बायको गुडघ्याला बाम चोळत म्हणाली.

वाट मात्र सुरेख. डोक्यावर झाडाएवढ्या नेच्यांच्या छत्र्या, खाली ग्रॅनाइट झिजून झालेली सोनेरी वाळू. डबा उघडला की वेका हजर. कोंबडीएवढा पक्षी, उडता येत नाही. पण चोराला उडायची गरजच काय? त्याने माझा वाळत टाकलेला एक मोजा पळवला. दुसरा ठेवला, बहुधा आठवण म्हणून.

ज्याच्या नावाचं हे उद्यान, त्या आबेल तास्मानची गंमत वेगळीच. हा डच दर्यावर्दी डिसेंबर 1642 मध्ये जवळच्याच उपसागरात आला. माओरींशी चकमक झाली, त्याची चार माणसं गेली आणि तो किनाऱ्याला पाय न लावताच निघून गेला. पुढे 300 वर्षांनी, 1942 मध्ये, उद्यान झालं ते त्याच्या नावाने. म्हणजे इथे नाव होतं ते बोटीत बसून राहिलेल्याचं. माझ्या बॅगेला अजून आशा आहे.

तिसऱ्या दिवशी आवारोआची खाडी. ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर दोन तास, एवढ्याच वेळात ती चालत ओलांडता येते. भरतीला दुसरी वाट नाही. वाटाडी मुलगी छापील वेळापत्रक बघत होती. आमचे आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगत, कोकणात ते जमायचं. मीही ऐटीत बोटं मोजायला घेतली. मग लक्षात आलं, आज तिथी कुठली हेच माहीत नाही.

याच आवारोआतला एक खाजगी किनारा 2016 मध्ये विकायला निघाला, तेव्हा सुमारे 40 हजार लोकांनी वर्गणी काढून, 20 लाखांहून अधिक डॉलर जमवून तो घेतला आणि उद्यानाला देऊन टाकला. वर्गणी म्हटली की दार लावून घेणाऱ्या आमच्या सोसायटीची मला तिथे फार आठवण झाली.

बूट गळ्यात अडकवून आम्ही उतरलो. पाणी गुडघ्याला, गारवा थेट मेंदूपर्यंत, तळव्यांखाली शिंपल्यांची कचकच. बायको पुढे, ताठ. बाम विसरली होती. पलीकडे खडकावर बसून पाय पुसले आणि मी हात पुढे केला.

"मोजे दे."

"बॅगेत आहेत," ती म्हणाली.