आम्ही शाळा तपासतो

टोकियोतल्या एका कंपनीनं मला नोकरीवर घेतलं ते माझं इंग्रजी ऐकून. जपानी मुलांना इंग्रजी शिकायला परदेशी पाठवण्याचा कंपनीचा धंदा. मुलं कुठं पाठवायची हे टोकियोतल्याच निशी-कासाईत राहणारा, पुण्याच्या इंग्रजी माध्यमातला मराठी माणूस ठरवणार, यात कंपनीला काही वावगं वाटलं नाही. मला तर मुळीच नाही. उन्हाळी सुट्टीच्या आधी काचो, म्हणजे आमचे विभागप्रमुख, मला घेऊन फिलिपिन्समधल्या सेबूला शाळा तपासायला निघाले.

सेबूच का? नारिताहून विमानानं साधारण पाच तास, घड्याळात तासाचा फरक, आणि मुख्य म्हणजे एका विद्यार्थ्याला एक शिक्षक परवडतो. अमेरिकनांनी १८९८ पासून १९४६ पर्यंत राज्य केलं आणि जाताना इंग्रजी ठेवून गेले. (मधली जपानी अंमलाची वर्षं काचोंसमोर काढायची नसतात.) मग कोरियन लोकांनी येऊन शाळा थाटल्या. खाणावळीत किमची असते ती त्यामुळे.

जपानी पालक इंग्रजीबद्दल फारसं विचारत नाहीत. ते विचारतात, गरम पाणी किती वेळ टिकतं? वीज गेली तर जनरेटर आहे का? कमोडमध्ये कागद टाकता येतो का? (बहुतेक ठिकाणी नाही, शेजारी टोपली असते.) शॉवर तपासायचं काम माझ्याकडे आलं. काचो घड्याळ लावून उभे राहिले, मी ऐटीत खटका फिरवला आणि पाणी खालच्या नळातून न येता थेट माझ्या डोक्यावर आलं. सूट, टाय, कंपनीचा बिल्ला, सगळं न्हालं. काचो म्हणाले, ‘‘पाण्याचा जोर चांगला.’’ आणि लिहून घेतलं.

तिथंच बादलीजवळ दांड्याचा प्लास्टिकचा मग होता. तिकडे त्याला टाबो म्हणतात. काचोंनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि हे कशासाठी असं विचारलं. बटण दाबलं की कोमट फवारा येणाऱ्या देशातला माणूस तो! मी हातवारे करून प्रयोग समजावला. या दौऱ्यात माझ्या ज्ञानाचा कंपनीला झालेला उपयोग तेवढाच.

मग नमुन्याचा तास. शाळेनं आम्हा दोघांच्या गळ्यात विद्यार्थ्यांची ओळखपत्रं अडकवली. रेल्वेच्या तिकीटखिडकीएवढी खोली, त्यात दोन खुर्च्या आणि विशीतल्या हसऱ्या बाई. त्यांनी माझ्या ओठांपुढे कागदाची पट्टी धरली. ‘पेन’ म्हणा. म्हणालो. पट्टी ढिम्म. पुन्हा म्हणालो, पट्टी जागची हलेना. आपला प तसा सोवळा, हवेला शिवत नाही. काचोंची पट्टी मात्र पहिल्याच ‘पेन’ला फडफडली. इरेला पेटून मी सरळ ‘फेन’ म्हणालो. पट्टी बाईंच्या नाकावर जाऊन चिकटली. तपासणीच्या कागदावर माझा शेरा पडला: मध्यम, पण उत्साही.

शाळा होती ‘स्पार्टा’ पद्धतीची, म्हणजे सोमवार ते शुक्रवार बाहेर पडायला बंदी. माझं ओळखपत्र गळ्यातच राहिलं होतं. काचोंनी आपलं केव्हाच परत केलं होतं. ते रखवालदाराला वाकून नमस्कार करून गाडीत जाऊन बसले. मला त्यानं अडवलं.

‘‘आज बुधवार, सर. गेटपास?’’

‘‘अहो, मी शाळा तपासायला आलोय.’’

त्यानं माझ्या ओल्या टायकडे पाहिलं. ‘‘सगळे असंच काहीतरी सांगतात, सर.’’

गजांना धरून मी काचोंना हाका मारल्या. ते उतरले, दोन पावलं मागं सरकले आणि फोटो काढला.

तो फोटो आता पालकसभेत दाखवतात. ‘सुरक्षा’ या मथळ्याखाली. मी बाजूला उभा राहून जपानीत समजावतो की, इथून प्रौढ माणूससुद्धा बाहेर पडू शकत नाही. आया समाधानानं माना डोलावतात आणि तिथंच फॉर्म भरतात.