आठवडा बाजारातले हकीमसाहेब

सुक्या मासळीची रांग संपते आणि गावठी कोंबड्यांची सुरू व्हायची असते, त्या मधल्या मोक्याच्या जागेवर हकीमसाहेबांची सतरंजी पडते. तिच्यावर बरण्या, बरण्यांत मुळ्या, साली, बिया. एका बरणीत नेमकं काय आहे हे त्यांनाही ठाऊक नाही, म्हणून ती सगळ्यांत पुढे. डोळ्यांत सुरमा, कानात अत्तराचा फाया, बोटांत चार रंगांचे चार खडे. घरी अस्सल सातारी मराठी बोलतात; बाजारात मात्र उर्दू. कारण सरळ आहे. मराठीतून औषध सांगितलं की गिऱ्हाईक म्हणतं, ‘हे तर आमच्या आजीलाही माहीत होतं.’ तेच उर्दूतून सांगितलं की पाकिटाकडे हात जातो.

म्हणून त्यांच्याकडे सब्जा मिळत नाही, तुख्मे रेहान मिळतं. अश्वगंधा नाही, असगंध. सूर ‘मेहरबान, कद्रदान’ असा अदबीने लागतो आणि वीस रुपये कमी आले की ‘अहो, कुठं निघाला?’ असा एकदम जमिनीवर येतो.

खरं दैवत म्हणजे तुख्मे कौंच. त्याच्या बरणीशेजारी एक शेंगही ठेवलेली असते, इंग्रजी एससारखी वळलेली, अंगभर सोनेरी तपकिरी लव. ती ते कधी हाताने उचलत नाहीत. चिमट्यात धरून वर करतात आणि अर्धवर्तुळ फिरवतात. घोळका आपोआप पाऊलभर मागे सरकतो. मग आवाज खाली येतो. ‘जिसका बाहर इतना गरम है, साहेबान, उसके अंदर...’ वाक्य पुरं करत नाहीत. अपुरं वाक्य हेच त्यांचं भांडवल. पुढे उभी असलेली तरणी पोरं एकाएकी कांद्याचा भाव बघायला लागतात आणि पाच मिनिटांनी एकेकटी परत येतात. हकीमसाहेब काही विचारत नाहीत. ‘समझ गया’ म्हणून पुडी बांधतात.

त्या दिवशी मात्र घोळक्यातून एक म्हातारी पुढे आली. बरणीत डोकावली.

‘आरं, ही तर खाजकुयली!’

घोळका हसला. खाजकुइली कुणाला ठाऊक नाही? पावसाळ्यात कुंपणावर चढते, जांभळी फुलं येतात, हिवाळ्यात शेंगा वाळल्या की वाऱ्यावर लव उडते आणि खालून जाणारा गुराखी अंगाला शेण फासत घरी येतो. (त्या लवेत म्युकुनेन नावाचं एक विकर असतं. नेहमीची अ‍ॅलर्जीची गोळी त्या खाजेपुढे फारशी चालत नाही, तेव्हा शेणाला हसू नये.) संस्कृतात हिला कपिकच्छू म्हणतात, म्हणजे माकडसुद्धा सुटलेलं नाही.

हकीमसाहेब डगमगले नाहीत. ‘आज्जी, तुमच्या बांधावर आहे ती खाजकुयली. ही तुख्मे कौंच.’

‘आन् फरक काय?’

‘दीडशे रुपये पाव,’ मागून कुणीतरी म्हणालं.

एवढ्यात कॉलेजातल्या एका पोराने मोबाईल काढला. हल्ली प्रत्येक घोळक्यात असा एक असतोच. शेंगेचा फोटो काढला, इंग्रजी नाव सापडलं, ‘काऊहेज’. त्याचा उर्दू अर्थ शोधला, तर पुन्हा ‘कौंच’च आलं. आता भांडं फुटणार म्हणून पोरगं पुढे झालं, तर हकीमसाहेबांनी मोबाईलच हातात घेऊन लोकांना दाखवला. ‘देखा? अंग्रेज बहादूर ने भी नाम हमसे लिया!’ गंमत म्हणजे हे खरं आहे. साहेबाने हिंदीतलं केवाँच ऐकलं, त्याचं काऊहेज केलं, पुढे काऊइच केलं. बिचाऱ्या गाईचा त्यात काडीचा संबंध नाही. हकीमसाहेब क्वचितच बरोबर असतात. तो योग साधून त्यांनी तिथल्या तिथे पावाला दहा रुपये वाढवले.

मग निवृत्त गुरुजी आले. उजवा हात सारखा थरथरत होता. कौंच कंपवातावर चालतं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. वाचलं ते अगदीच निराधार नव्हतं. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या रसायनशास्त्रज्ञांनी याच बियांतून लेव्होडोपा वेगळं काढलं आणि कंपवातावर आजही तेच औषध देतात. म्हणजे हकीमसाहेबांच्या सबंध सतरंजीवर विज्ञानाचा शिक्का असलेला एवढा एकच माल, आणि त्याचं खरं गिऱ्हाईक समोर उभं.

हकीमसाहेबांची उर्दू गळून पडली. ‘गुरुजी, डॉक्टरच्या गोळ्या चालू हायत न्हवं? मग ह्याच्या वाटंला जाऊ नका. दोन्ही पोटात गेलं तर भलतंच व्हायचं. त्यास्नी इचारा आदी.’ पुढे केलेली नोट त्यांनी गुरुजींच्या खिशात परत कोंबली.

गुरुजी गेल्यावर मी म्हटलं, ‘हातचं गिऱ्हाईक सोडलंत की!’

‘खऱ्या दुखण्याला आपण हात लावत न्हाई, साहेब. बरं झालं तर नाव डॉक्टरचं, बिघडलं तर आपलं. ज्याला कायबी झालेलं नसतं ना, त्याला हमखास गुण येतो.’

मी त्या पोरांकडे पाहिलं. सगळी टोणग्यांसारखी धट्टीकट्टी होती.

उन्हं कलली तशी बरण्यांना झाकणं लागली. म्हातारी अजून तिथेच, टोपलीवर हात ठेवून बसलेली. इकडेतिकडे बघत हकीमसाहेब तिच्याजवळ उकिडवे बसले.

‘आज्जी, ह्या बारीला दोनच किलो आणल्यात व्हय? फुडल्या बाजाराला पाच तरी आणा. दवात तोडा म्हणजे लव उडत न्हाई. भाव नेहमीचाच.’

‘न्हाई बाबा,’ म्हातारी पदर सावरत म्हणाली, ‘नेहमीचा भाव खाजकुयलीचा हुता. आता तुख्म्याचा सांग.’