पाचव्या खड्ड्यातले डांबर

फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेने जून २००८ मध्ये एक जुनी फाइल निकाली काढली. प्रकरण १३०२ चे. आरोपी दान्ते अलिघिएरी, व्यवसाय कवी. त्याआधी दोन महिन्यांपुरता शहराच्या कारभारी मंडळात. आरोप असा, की खुर्चीवर असताना खाल्ले. शिक्षा आधी दंड आणि हद्दपारी. दंड भरायला साहेब फिरकलेच नाहीत म्हणून मग, शहरात सापडले तर जिवंत जाळा. हा हुकूम सभागृहाने ७०६ वर्षांनी मागे घेतला, तोही १९ विरुद्ध ५ मतांनी. कवी १३२१ मध्येच वारला होता, पण पाच नगरसेवकांचे अजून समाधान झाले नव्हते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापुरात ज्यांचे नळजोडणीचे अर्ज ‘प्रक्रियेत’ आहेत, त्यांनी हा दाखला जपून ठेवावा. कामे होतात.

हद्दपार माणूस रिकामा बसला की काय करील सांगता येत नाही. दान्तेने नरक बांधायला घेतला. खाली निमुळती होत जाणारी नऊ वर्तुळे, त्यांतल्या आठव्यात दहा खड्डे आणि पाचव्या खड्ड्यात उकळते डांबर. डांबरात कोण? खुर्चीवर बसून खाणारे. ज्या कलमाखाली आपल्याला गावाबाहेर काढले, त्याच कलमाचे खरे गिऱ्हाईक त्याने त्यात सोडले. डोके वर काढले की काठावरचे यमदूत आकडा मारतात. डांबरटांना डांबर! भागवतात अठ्ठावीस नरक मोजून दिले आहेत, पण इतका चोख न्याय त्यांतही नाही.

आणि खरी हिंमत खड्ड्यांत नाही, नावांत आहे. ‘समाजातील काही प्रवृत्ती’ असे दान्तेने लिहिले नाही. अमक्या घराण्यातला तमका, मुक्काम फ्लॉरेन्स, असे लिहिले. पोप आठवा बोनिफेस कथेच्या वेळी, म्हणजे १३०० मध्ये, चांगला धडधाकट होता. जिवंत माणसाला नरकात घालायचे कसे? दान्तेने आधीचा एक पोप, तिसरा निकोलस, खड्ड्यात डोके खाली पाय वर करून रोवला. काठावर पावलांची चाहूल लागताच त्याला वाटते, बोनिफेसच आला, जरा लवकरच आला. म्हणजे खिडकीजवळच्या सीटवर रुमाल टाकतात तशी जागा धरून ठेवली होती.

अशा या काव्याचा २०१० मध्ये मारामारीचा व्हिडिओ गेम निघाला. कंपनी अमेरिकेची, इलेक्ट्रॉनिक आर्ट्स. बनवणारा स्टुडिओ व्हिसरल गेम्स. काव्यातला दान्ते हा पस्तिशीतला, रानात वाट चुकलेला, जात्याच घाबरट गृहस्थ. सोबतीला व्हर्जिल हा जुनाजाणता कवी. दान्ते चालतो, ज्याला त्याला गाव विचारतो, रडतो, दोनदा तर शुद्ध हरपून पडतो. चौतीस सर्गांत एकाचाही जीव घेत नाही. आता यात खेळणाऱ्याने बटण कशासाठी दाबायचे? म्हणून कंपनीने त्याला धर्मयुद्धातला शिपाई केला, खुद्द मृत्यूकडून हिसकावलेला लांब दांड्याचा विळा हातात दिला आणि छातीच्या कातडीवर सुईदोऱ्याने क्रूस शिवला. युद्ध ११९१ चे. खरा दान्ते जन्मला १२६५ मध्ये. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या कुणाच्या सर्व्हिस बुकात असा ७४ वर्षांचा घोळ निघता, तर पेन्शन कायमची अडकली असती. काव्यात बिअ‍ॅट्रिस स्वर्गात असते आणि तीच दान्तेच्या मदतीला माणूस धाडते. गेममध्ये सैतान तिला पळवतो आणि हिरो मागे धावतो. आपल्या सिनेमावाल्यांनी हा बदल फुकटात सुचवला असता.

प्रसिद्धीही दणक्यात झाली. समीक्षकांना २०० डॉलरचे धनादेश गेले: वटवला तर हावरट, न वटवला तर उधळ्या, चौथ्या वर्तुळात दोघांचीही सोय आहे. (या सदराच्या लेखकाला अद्याप कोणत्याही नरकाचे पाकीट आलेले नाही, पत्ता कार्यालयात मिळेल.) २००९ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनाबाहेर गेमविरुद्ध फलक घेऊन धर्मनिष्ठ आंदोलक उभे राहिले. ते कंपनीनेच पैसे देऊन आणले होते, हे पुढे उघड झाले आणि त्याची चक्क बातमी झाली. भाड्याची गर्दी ही बातमी! सुखी लोक आहेत.

हे सगळे मला भाच्याने सांगितले. भाचा बदलापूर पूर्वेला राहतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ काढला, भावाला सोडवायला निघालेल्या मुलीचा, तेव्हापासून त्याला झोप नाही. ‘मामा, पुण्याला जमतं तर आपल्याला का नाही? आणि नरक म्हटल्यावर लोकेशन आपल्याकडे फुकट आहे.’

पहिली लेव्हल अर्थातच सकाळचा फलाट. काव्यात नदीकाठी मेलेल्यांची झुंबड असते आणि खारोन नावाचा नावाडी रेंगाळणाऱ्यांना वल्ह्याने हाणतो. इथे हाणायला माणूस नेमावा लागत नाही, लोक गाडी थांबायच्या आत चढलेले असतात. अंबरनाथची मंडळी आधी उलटी बदलापूरला येतात आणि बसून परत जातात. त्यावरून बदलापूरकरांचे रोज वाजते. भाच्याला यात झकास फाइट दिसली. त्याने चौथ्या सीटवर हिरो बसवला, एका मांडीवर टेकलेला, समोरच्याचा डबा गुडघ्याला लागलेला, आणि विळा परजला. गेम अडकला. विळा फिरवायचा तर हात वर व्हायला हवा, आणि त्या गर्दीत कल्याणला हात जिथे असतो तिथेच तो ठाण्यापर्यंत राहतो. बटण दाबून दाबून अंगठा दुखला, हिरो ढिम्म. भाचा म्हणाला, बग आहे. मी म्हटले, रिअ‍ॅलिझम आहे.

दुसरी लेव्हल त्रिशंकूंची: ना शिक्षा, ना सुटका, नुसते थांबायचे. त्यासाठी अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधल्या, होऊ घातलेल्या चिखलोली स्थानकाची जागा मुक्रर झाली. ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ म्हणून फ्लॅट घेतलेले पुण्यात्मे बाल्कनीत उभे राहून गाड्या मोजतात. दान्तेच्या नरकाच्या दारावर आशा बाहेर ठेवून या अशा अर्थाची पाटी आहे. आमच्याकडची पाटी जास्त क्रूर: ‘काम प्रगतिपथावर आहे.’

शिक्षा की माफी, असा एक मामला गेममध्ये आहे. पापी समोर आला की दोन बटणे, शिक्षेचे आणि माफीचे, आणि कोणतेही दाबा, खेळणाऱ्याचा फायदाच. उल्हासनगरला हे तत्त्व गेमच्या आधीच ठाऊक होते. उच्च न्यायालयाने ८५५ बेकायदा इमारती पाडायला सांगितल्या, आणि २००६ मध्ये विधिमंडळाने खास या एका शहरासाठी त्या नियमित करण्याचा कायदा केला. दंड भरा, पाप धुतले. आत राहणाऱ्यांनी कर्ज काढून घरे घेतली होती, त्यांना रस्त्यावर काढू नये हे खरेच. पण ज्यांनी बांधल्या आणि ज्यांनी बांधू दिल्या ते कुठल्या वर्तुळात गेले, हे कायद्याला विचारायचे राहून गेले. दान्तेच्या काव्याचा दुसरा भाग पापे फेडत चढायच्या डोंगराचा आहे. गेमच्या अखेरीस ‘पुढे चालू’ अशी पाटी येते, पण पुढचा भाग काही आला नाही आणि २०१७ मध्ये स्टुडिओच बंद पडला. उल्हासनगरात दुसरा भाग आधी झाला, पहिला चालूच आहे.

खुशमस्कऱ्यांना दान्तेने मैल्याच्या खड्ड्यात बुडवले आहे. आमच्याकडे मैला नाल्यात असतो आणि खुशमस्करे त्याच्यावर, फ्लेक्सवर, ‘शुभेच्छुक’ म्हणून, रांगेने, गॉगल लावून. ही लेव्हल चौकात उभे राहून मोबाइलवर नुसती शूट केली तरी चालेल. नरकाच्या उंबरठ्यावर रंग न सांगितलेल्या झेंड्यामागे अखंड धावणारे कुंपणावरचे लोकही दान्तेने ठेवले आहेत. आमच्याकडे झेंड्याला रंग असतो, पण तो बदलला तरी धावणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

भाच्याला २७ जुलै २०१९ ची महालक्ष्मी एक्सप्रेसही हवी होती: बदलापूर आणि वांगणीच्या मधे, उल्हास नदीच्या पुरात उभी, आत हजारावर माणसे. ती मी त्याच्याकडून काढून घेतली. त्या दिवशी बोटी माणसांना बाहेर काढत होत्या, आणि दान्तेच्या नरकात अशी बोट नाही.

मग आली वालधुनी नदी. अंबरनाथजवळच्या डोंगरातून निघते, शिवमंदिराला वळसा घालते, उल्हासनगरातून जात कल्याणला खाडीकडे उतरते. मंदिर शके ९८२ चे, म्हणजे १०६० चे, शिलाहारांच्या काळातले. दान्तेपेक्षा दोनशे वर्षांनी वडील. भिंतीवरच्या मूर्ती बघत बघत मागे यावे आणि पाण्याकडे नजर जावी, की आजचा रंग कोणता ते कळते. जीन्स धुण्याचे कारखाने जोरात असताना निळा, कधी लाल, कधी नाव नसलेला. दान्तेला रक्ताची नदी कल्पनेने उकळावी लागली. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर एका पहाटे याच नदीत रसायन ओतले गेले आणि उल्हासनगरची शेकडो माणसे श्वास कोंडून, डोळे चोळत रुग्णालयात पोहोचली.

भाचा खूश. ‘इथला बॉस कोण ठेवू?’

‘टँकर.’

‘टँकर गाडी झाली, मामा. चालवतो कोण?’

‘अज्ञात इसम.’

‘त्याला पाठवलं कोणी?’

‘तोही अज्ञात इसम.’

‘अरे, मग हेल्थ बार कुणाच्या डोक्यावर दाखवू?’

इथे आमचा गेम दोन आठवडे अडला. विळा चालवायला समोर मान लागते. राक्षसाला शिंगे असतात, नऊ फूट उंची असते, तो ओरडत अंगावर येतो. त्याला मारणे सोपे. आमच्याकडे ‘संबंधित विभाग’ असतो. वार केला की वार आरपार जातो आणि पलीकडून पोचपावती येते. भाच्याने एक अज्ञात इसम बनवून पाहिला, धुरासारखा. बारा वार झाले, हिरो दमला आणि इसमाने त्यालाच हद्द कुणाची म्हणून विचारले: अंबरनाथची की उल्हासनगरची?

अमेरिकन कंपनीचाही नेमका इथेच पाय घसरला, असे माझे मत. काव्यात आठवे वर्तुळ सगळ्यांत मोठे, तेरा सर्गांचे. गेममध्ये ते एकामागून एक दहा आव्हानांत उरकले आहे: इतके राक्षस मारा, इतका वेळ टिका, पुढे व्हा. डांबरातला अधिकारी गायब, उलटा पोप गायब. कारण उघड आहे. विळ्याने राक्षस मरतो. खाणाऱ्या माणसाला विळ्याने काही होत नाही, तो नावाला घाबरतो.

पार तळाशी काय आहे सांगतो. आग नाही, बर्फ आहे. विश्वासघातकी तिथे गळ्यापर्यंत गोठलेले असतात. (ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य रेल्वेने दहा साध्या फेऱ्या एसी केल्या, तेव्हा बदलापूरकर चिडून स्टेशनात जमले आणि थोड्याच दिवसांत त्या फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. नरकाचा तळ गार असतो हे आमच्या लोकांना दान्ते न वाचता कळले.) तर त्या बर्फात एकाच्या तोंडावर दान्तेचा पाय पडतो. दान्ते नाव विचारतो. तो सांगत नाही. तेव्हा हा घाबरट, दोनदा बेशुद्ध पडलेला गृहस्थ खाली वाकतो, त्याचे केस मुठीत धरतो आणि उपटायला लागतो. तरी तो नाव सांगत नाही. शेवटी त्या ओरडण्याला कंटाळून शेजारचाच पापी त्याला नावानिशी हाक मारतो: काय रे, काय झालं? संपले. नाव कवितेत गेले आणि सातशे वर्षे तिथून निघालेले नाही. सबंध नरकात दान्ते हातघाईवर येतो तो अशा एखाद्या वेळी, आणि तोही एका नावासाठी.

भाच्याचे डोळे चमकले. ‘म्हणजे विळा काढून टाकायचा. हिरोकडे वही. नाव कळलं की बॉसचा हेल्थ बार दिसतो!’

‘शाब्बास.’

‘मग नावं दे.’

पाठकोऱ्या कागदावर मी सहा नावे लिहून दिली. त्याने वाचली. एक जण त्यांच्या गणपतीला दरवर्षी सगळ्यात मोठी पावती फाडतात. दुसऱ्यांच्या चिठ्ठीवर धाकट्या बहिणीची अ‍ॅडमिशन झाली. तिसऱ्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स अजून नाक्यावर आहे. शुभेच्छुकांच्या खालच्या रांगेत, डावीकडून चौथा, भाचा स्वतः.

‘मामा, आधी तू सदरात छाप. मग मी टाकतो.’

‘तू आधी टाक. मग मी गेमचं परीक्षण म्हणून छापतो.’

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग त्याने विषय बदलला. शेवटी नामावली येते ना, त्यात तुझं नाव घालू का म्हणाला, मूळ संकल्पना म्हणून.

‘घाल की,’ मी म्हटले. ‘अज्ञात इसम.’