नानाखेड्यात ओट्स शिजवण्याची सोपी कृती

ही कृती अगदी नवशिक्यांसाठी आहे. त्यांना दोन गोष्टी साधायच्या आहेत : ओट्स शिजवणं आणि उज्जैनच्या नानाखेड्यात राहून पोह्यांना नाही म्हणणं. पहिली सोपी आहे.

साहित्य : ओट्स एक वाटी, पाणी चार वाट्या, तूप, जाड बुडाचं पातेलं, मीठ आणि घरच्यांचा विरोध चवीनुसार.

१. पाकीट निवडा. दुकानदार मसाला ओट्स पुढे करील. दोन मिनिटांत शिजणारं काहीही परत करा. हवा आहे टरफल काढलेला अख्खा दाणा, नाहीतर त्याचे जाडसर तुकडे. चपटे ओट्स म्हणजे दाणा वाफवून रुळांखाली दाबलेला, म्हणजे ओटांचे पोहेच. कोंडा शाबूत असतो एवढं श्रेय मात्र त्यांना द्यावं.

२. शुद्धतेचा हट्ट आवरा. ओटांत गहू-तांदळापेक्षा स्निग्धांश जास्त. वाफ न देता ठेवले तर खवट होतात, म्हणून गिरणीतून वाफ घेऊनच येतात. अगदी हिरवेगार हवे असतील तर गोठ्यात चौकशी करा. आपल्याकडे ओट हे मुख्यतः चाऱ्याचं पीक, आणि झाशीला १९६२पासून असलेली चारा संशोधन संस्था त्याचे वाण तयार करते. ही माहिती सासऱ्यांना देऊ नये.

३. रात्री भिजत घाला. सासूबाईंनी "काय भिजवलंयस?" विचारलं तर "दलिया" म्हणा. फारसं खोटं नाही.

४. सकाळी पाणी निथळून चमचाभर तुपावर खमंग वास सुटेपर्यंत परता. उकळतं पाणी ओता, आच मंद करा. तुकड्यांना वीस-पंचवीस मिनिटं, अख्ख्या दाण्याला पाऊण तास. झाकण घट्ट लावलंत तर फेस उतू जाऊन आधी शेगडीचा नाश्ता होईल. मिश्रण बुळबुळीत झालं तर घाबरू नका. तो बीटा-ग्लुकन नावाचा तंतू, त्याच्यासाठीच हा खटाटोप. रोज ३ ग्रॅम पोटात गेलं तर कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते. त्यामुळे हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असं पाकिटावर छापायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली परवानगी दिली. त्या ३ ग्रॅमसाठी ७०-७५ ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. दह्यावर चमचाभर भुरभुरवून भागत नाही.

५. चव आणा. जिरं, हिंग, हिरवी मिरची आणि माळव्याच्या रीतीने बडीशेप, अशी फोडणी द्या. वर कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू, जिरावन मसाला. शेव चिमूटभर. माळव्यात चिमूट मुठीएवढी असते, हे ध्यानात असू द्या.

६. खिडकी लावून घ्या. याच वेळी बाहेर गाडीवर उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर पोह्यांची परात वाफत असते आणि शेजारच्या कढईत जिलबी पडत असते. तरी शेजारी डोकावेलच आणि वाटी पाहून काळजीने विचारील, "क्यों भिया, तबियत खराब है क्या?" मान हलवून खात राहा. चावायला वेळ लागतो, तेवढ्यात तो जातो.

शेवटची सूचना. पोह्यांना उगाच बदनाम करू नका. नाश्ता बिघडवतात त्या वरची मूठभर शेव आणि सोबतची पावशेर जिलबी. ओट्सबरोबरही तेच घेणार असाल, तर गरमागरम पोहेच खाल्लेले बरे.