काहीच नाही हो त्यात!

न्यू जर्सीत मराठी मंडळी जमली की त्यांत एक वहिनी असतातच. पदार्थ कुठलाही असो, त्यांच्या लेखी तो सोपा. पुरणपोळी सोपी, बाकरवडी सोपी, आणि मंडळाच्या पॉटलकमध्ये ज्यांच्या ट्रेभोवती पोरांची झुंबड उडते ते स्मोर्स बार तर, "अहो, काहीच नाही त्यात! कालवायचं, थापायचं, ओव्हनमध्ये ढकलायचं."

स्मोर्स हा मुळात अमेरिकन शेकोटीवरचा खाऊ. काडीला मार्शमेलो टोचून भाजायचा आणि चॉकलेटच्या वडीसकट दोन ग्रॅहम क्रॅकरांमध्ये दाबायचा. 1927 साली गर्ल स्काउट्सच्या पुस्तकात त्याची कृती छापून आली, ती रानावनात भटकणाऱ्या मुलींसाठी. वहिनींना शेकोटी नामंजूर. तिथे डास चावतात, केसांना धुराचा वास लागतो, आणि मुख्य म्हणजे जो तो आपापलं भाजून घेतो. मग कौतुक कोणाचं करायचं?

म्हणून बार. आता त्यातलं 'काहीच नाही' बघा.

आधी ओव्हन रिकामा करायचा. तिथल्या मराठी घरात ओव्हन हे भांड्यांचं कपाट असतं. त्यातून दोन कढया, बिडाचा तवा, इडलीपात्र आणि सासूबाई भारतात परतल्यापासून बेपत्ता असलेलं पुरणयंत्र निघतं. सगळं डायनिंग टेबलावर. त्या दिवशी घरादाराने उभ्यानेच जेवायचं.

मग मार्शमेलो. त्यात जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या कातड्याहाडांचा अर्क. आणि मंडळात शाकाहारी बरेच. कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून वहिनी दुकानात एकेका पाकिटाची पाठ वाचत उभ्या राहतात. बरणीतल्या फ्लफमध्ये जिलेटिन नसतं, पण अंड्याचा पांढरा भाग असतो. अंडं चालणारे, न चालणारे आणि 'केकमधलं चालतं' म्हणणारे, अशा तिन्ही पंथांचा विचार करून वहिनी अखेर दोन वेगळे ट्रे लावतात.

ग्रॅहम क्रॅकरचीही गंमतच. एकोणिसाव्या शतकात सिल्वेस्टर ग्रॅहम नावाच्या पाद्र्याने, मसालेदार चमचमीत खाल्ल्याने वासना चाळवतात, साधंच खा, असा उपदेश केला. त्याच्या नावाच्या बिस्किटांचा चुरा वहिनी बटर आणि ब्राउन शुगरमध्ये मळतात, वर जायफळही किसतात. पाद्रीबाबा वारले हे बरंच झालं.

350 फॅरनहाइटवर अर्धा तास, इथवर सगळं ठीक. पण वरचा थर खरपूस हवा म्हणून वहिनी ब्रॉयलर लावतात आणि नेमका तेव्हाच पुण्याहून फोन येतो. मार्शमेलो सोनेरीचा कोळसा व्हायला मिनिटही घेत नाही. धुराचा अलार्म कोकलू लागतो. वहिनींचे यजमान, म्हणजे दादा, न सांगता उठतात आणि त्याखाली टॉवेल हलवत उभे राहतात. फोडणीमुळे त्यांना सराव आहे. करपलेला पापुद्रा वहिनी सुरीने अलगद सोलतात, वर नवे मार्शमेलो रचतात.

संध्याकाळी मंडळात, "आज जरा घाईतच केले हो, जमले नाहीत," असं म्हणत त्या प्रत्येकाच्या पहिल्या घासावर डोळा ठेवून असतात. कृती विचारली तर रात्रीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. त्यात एकच ओळ नसते, म्हणून इतरांचे बार ताटलीत पसरतात आणि वहिनींचे चौकोनी राहतात.

ती ओळ मी दादांकडून काढून घेतली आहे. ट्रे पूर्ण गार झाल्यावर तासभर फ्रिजमध्ये ठेवा, आणि कापताना सुरीला बटर लावा.