तिसऱ्या मजल्यावरचा धूर

अहो, काय सांगू! आयटीतली चांगली नोकरी, बायको डॉक्टर, सोसायटीचा मेंटेनन्स कधी थकवलेला नाही, असा सरळमार्गी माणूस. आणि रविवारी सकाळी गॅलरीत उभा राहून करतो काय? पॉपकॉर्नच्या यंत्रात कॉफी भाजतो! चिकमगळूरहून मागवलेल्या कच्च्या, हिरवट बिया. गरम हवेवर त्या गरगर फिरतात, पिवळ्या पडतात, तपकिरी होतात आणि दोनशे अंशांच्या आसपास तडतडायला लागतात. त्या तडतडीला म्हणे ‘फर्स्ट क्रॅक’ म्हणायचं. ती ऐकताना याचा चेहरा बघा, जणू सवाई गंधर्वमध्ये कुणीतरी समेवर आलंय. इकडे सालपटं उडून खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवर, आणि सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्न: ‘कुणाकडे काही करपतंय का?’

आपल्या सेक्रेटरींच्या कानावर घालू नका, पण प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिक राजाने १७८१ मध्ये सामान्य लोकांना घरी कॉफी भाजायला चक्क बंदी केली होती. कॉफीपायी पैसा देशाबाहेर जातो, लोकांनी आपली बिअर प्यावी, असं त्याचं म्हणणं. बंदी पाळली जाते की नाही हे बघायला लढाईत जायबंदी झालेले सैनिक नेमले. गल्लीबोळांतून वास घेत हिंडायचं आणि भाजल्याचा वास आला की त्या घरावर धाड. लोक त्यांना ‘कॉफी हुंगणारे’ म्हणायचे. आमच्याकडे जागा निघाली तर पहिल्या मजल्यावरचे जोशीकाका पगाराशिवायही तयार होतील.

खरं सांगू? भाजण्याचा गुन्हा मी माफ करते. कच्च्या बिया महिनोन्‌महिने टिकतात, भाजलेल्यांचा दरवळ काही आठवड्यांत ओसरतो, तेव्हा घरी थोडी थोडी भाजण्यात अक्कल आहे. माटुंग्यातली दाक्षिणात्य मंडळी पिढ्यान्‌पिढ्या ताजी भाजलेली, डोळ्यांदेखत दळलेली पावडर घेऊन जातात. त्यांनी कधी त्याचा गाजावाजा केला नाही. मला घेरी आली ती पुढचा प्रकार बघून.

आधी वजनकाटा. बिया १८ ग्रॅम. काटा १८.१ म्हणाला की एक बी, एकच, दोन बोटांनी उचलून परत डब्यात. मग अत्तराच्या कुपीसारख्या बाटलीतून त्यांच्यावर पाण्याचा एक फवारा. का, तर दळताना वीज तयार होते आणि भुगा सगळीकडे चिकटतो. मी हसले, तर म्हणाला, २०२३ मध्ये ओरेगॉन विद्यापीठातल्या क्रिस्टोफर हेंडन यांच्या चमूने यावर रीतसर शोधनिबंध लिहिलाय. घ्या! शास्त्रच पाठीशी घालायला लागल्यावर दाद मागायची कुणाकडे? मग ग्राइंडर, ज्याची किंमत बायकोला अर्धीच सांगितलीय. (पूर्ण मला माहीत आहे. आत्ता नको, फोन करा.) मग बुचात खोचलेल्या बारीक सुयांनी भुग्यातल्या गाठी फोडायच्या, दट्ट्याने दाबायचं, एस्प्रेसोच्या यंत्राला मूठ अडकवायची आणि गुडघ्यांवर बसून खालून बघायचं. दाब ९ बार, पाणी ९३ अंश, २५ ते ३० सेकंदांत कपात ३६ ग्रॅम. भुग्यात कुठे फट राहिली की तिथूनच पाणी वाट काढतं आणि पिचकारी थेट ऑफिसच्या शर्टावर.

एवढं करून घोट घेतो आणि तोंड वाकडं. आंबट! आणखी बारीक दळा. आता कडू! जरा जाड दळा. पहिले दोन-तीन कप सिंकच पितं. जमलाच एखादा, तरी हा म्हणतो, ‘कालचा जास्त चांगला होता.’ काल काय म्हणाला होता? परवाचा!

मध्यंतरी आत्या आली होती त्याची, नाशिकहून. तिच्यासमोर ते दोन घोटांचं भांडं ठेवलं. ती म्हणाली, ‘अरे, चवीपुरती दिलीस ती बरी आहे. आता कपभर दुधात कर, आणि जायफळ किसून घाल रे थोडं.’ बिचारा पाच मिनिटं सुयांकडे बघत बसला.

आणि ज्यांच्या नावाने हे सगळं चाललंय, त्या इटालियनांचं काय? मिलानच्या गाजियाने १९३८ मध्ये पेटंट घेतलं, पुढे तरफेचं यंत्र आणलं आणि कपावर पहिल्यांदा तो सोनेरी फेस आला. तेव्हा तिथल्याच गिऱ्हाइकांनी संशयाने विचारलं होतं, हे वर काय तरंगतंय? आजही ते लोक बारमध्ये उभ्या उभ्या दोन घोटांत एस्प्रेसो संपवतात आणि कामाला लागतात. घरी गॅसवर ठेवायला मोका, बियालेत्तीने १९३३ मध्ये काढलेलं अ‍ॅल्युमिनियमचं अष्टकोनी भांडं. ते भांडं जगभर पोचवणारे रेनातो बियालेत्ती २०१६ मध्ये गेले, तर त्यांच्या अस्थीही मोठ्या मोकातच ठेवल्या! वेड म्हणावं तर हे. निदान भांडं तरी एकच. शिवाय आपल्याकडची कॉफी सगळ्यात जास्त विकत कोण घेतं? इटलीच. आपल्याच बिया ते काट्यावाचून पितात आणि आपण इथे गुडघ्यांवर.

आता ताजी बातमी. कॉफीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, तेव्हा दोष पाण्यात आहे, असा नवा शोध लागलाय. म्हणून हा आता पाणीही घरीच बनवणार: डिस्टिल्ड वॉटर, त्यात मोजून खायचा सोडा आणि मोजून एप्सम सॉल्ट. तेच आणायला काल कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे गेला होता. मी शेजारीच उभी होते. केमिस्टने पुडा काउंटरवर ठेवला आणि आवाज खाली आणून विचारलं, ‘साहेब, पोट किती दिवसांपासून साफ होत नाही?’